हत्तिणीची तहान

उन्हाळा लागला तसं दूध आटलं. वरच्या वाड्यांवरच्या गाई वाळल्या गवतावर निम्म्याला आल्या. जी गाडी डेअरीचे कॅन गच्च भरून घाट उतरायची, तिच्या मागच्या हौद्यात आता चार कॅन इकडे आणि चार तिकडे, एकमेकांवर आदळत यायचे. पण हत्तिणीला त्याचं काय? रिकामी असो नाहीतर भरलेली, तिची तहान तेवढीच.

हत्तीण म्हणजे दुधाची ही पिकअप. आठ सिलिंडरची, पेट्रोलवर पळणारी, बॉनेट एवढं उंच की समोर बुटका माणूस उभा राहिला तर नुसते केस दिसावेत. एका हौशी ठेकेदाराने ती डोंगरातल्या शर्यतींसाठी घेतली होती. त्याची हौस फिटली, त्याने ती विकायला काढली, तेव्हा घेणारा साऱ्या मुलखात एकच वेडा निघाला. तो कॅनवालीचा नवरा. चढ चढावा तर हत्तिणीनेच! बाकीच्या गाड्या घाटात कडेला थांबून वाफा सोडायच्या आणि ही भरल्या कॅनांसकट डरकाळी फोडत वर. पहिल्याच वर्षी लोक नवऱ्याला ‘रेसर’ म्हणायला लागले आणि स्वारी खूश झाली. आताशा मात्र कुणी रेसर म्हणून हाक मारली की हा आधी त्याच्या तोंडाकडे बघायचा, कौतुक आहे की टोमणा आहे ते.

कॅनवाली ही त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून शेजारच्या सीटवर बसून ती रोज वर जायची. प्रत्येक वाडीवर उतरायचं, दूध मापून घ्यायचं, भरलेला कॅन गुडघ्याचा टेकू देऊन हौद्यात चढवायचा. तिचे दोन्ही गुडघे पुढून काळे पडले होते. घरी बसलेल्या सासूला मोतीबिंदूने फारसं दिसायचं नाही, पण तोंड शाबूत होतं. सुनेबद्दल तिची एकच तक्रार. "हिचा हात फार सढळ. चहात साखर घालायला सांगा, पाक करून ठेवील." सून हसायची. कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं, आणि ते काही वाईट शिकवलं नव्हतं.

डेअरीचा रिवाज असा, की फेरीचं पेट्रोल डेअरीच्याच पंपावर मोजून मिळायचं. त्यापेक्षा जास्त लागलं तर गाडीवाल्याने आपलं घालावं. दूध भरपूर होतं तोवर ते कुणी काटेकोर बघत नव्हतं. दूध आटलं आणि गाड्यांचा साहेब बघायला लागला. साहेब वाईट माणूस नव्हता. आवाज चढवायचा नाही, समोरच्याला खुर्ची द्यायचा, आणि मग मान कापायचा.

"रेसर, तुमच्या गाडीचं ॲव्हरेज काय हो?" त्याने विचारलं.

"घाटाचा रस्ता आहे साहेब."

"घाट सगळ्यांनाच आहे. किती?"

"पाच. कधी साडेपाच."

साहेबाने खिडकीतून बाहेर बोट केलं. आवारात एक नवा छोटा टेम्पो उभा होता, खेळण्यासारखा. "तो अठरा देतो. आणि आता कॅन इतके कमी आहेत की तोसुद्धा घाट चढेल. मी तुम्हाला लगेच काढत नाही. जुने आहात. महिनाअखेर टेस्ट घेऊ. टाकी गळ्यापर्यंत भरायची, फेरी मारून यायची, परत गळ्यापर्यंत भरायची. जेवढं बसेल तेवढं तुमच्या गाडीने खाल्लं. सात द्या मला. सात आलं की फेरी तुमची, वर्षभर मी तोंड उघडणार नाही."

कॅनवाली दाराशी उभी राहून ऐकत होती. नवरा बाहेर आला तो तिच्याकडे न बघता सरळ हत्तिणीपाशी गेला आणि तिच्या मडगार्डवर हात ठेवून उभा राहिला. ही फेरी गेली तर गाडी कुणाच्या दारात उभी करायची? विकावी म्हटलं तर दुसरा वेडा कुठून आणायचा? आणि गाडीशिवाय त्याला काहीच येत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. ॲव्हरेज.

आधी शहाणपणाच्या गोष्टी झाल्या. एअर फिल्टर झटकून झाला, मग नवाच बसवला. चाकांत हवा टणक भरली. प्लग बदलले. टपावरचा लोखंडी सांगाडा उतरवला. हौद्यात वारा भरून गाडी मागे ओढली जाते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून वरून ताडपत्री ताणून बांधली. चप्पल काढून तो अनवाणी चालवायला लागला, पेडलचा अंदाज पायाला नीट यावा म्हणून. पूर्वी गिअर टाकताना हत्तीण हिसका देऊन उडी घ्यायची. आता तो तिला लग्नातल्या नवरीसारखी चालवायचा. मागून सायकलवाला घंटी वाजवून पुढे जायचा आणि वळून बघायचा. त्या वेळी नवऱ्याच्या जबड्याची शीर टरटरून फुगायची, पण पाय हलायचा नाही.

एवढं करून सहा आलं.

"सहा आलं की!" कॅनवाली म्हणाली.

"सहाला कोण विचारतो? सात पाहिजे."

मग वजन काढायला सुरुवात झाली. टूलबॉक्स गेला. मागची सीट गेली. जॅक गेला. स्टेपनी काढून त्याने अंगणात टाकली, तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

"आणि घाटात पंक्चर झाली तर?" तिने विचारलं.

"तोंडातून वाईट बोलू नकोस."

"बोलायचं काय त्यात? चाक आहे, पंक्चर होणारच."

"झाली तर बघू. आधी सात येऊ दे."

आणि एका सकाळी घाट उतरताना, माथ्यावरचं वळण संपल्यावर, त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

एकदम सगळं गप्प झालं. एवढी वर्षं ती त्या आवाजात बसत आली होती. आवाज गेला तेव्हा तिला आधी वाटलं आपले कानच गेले. मग चाकांचा सरसर आवाज आला, मागे कॅन वाजायला लागले, ठण ठण, ठण ठण, आणि गाडी आपल्याच मर्जीने पळायला लागली. नवरा दोन्ही हातांनी स्टेअरिंगला लोंबकळला होता. इंजिन बंद की स्टेअरिंग जड. दोनदा ब्रेक दाबला की ब्रेकही दगड. पायाखालचा दगड दाबून दाबून माणूस किती दाबणार? त्याच्या मानेवर घाम फुटला. खालच्या देवदारापाशी रस्ता सपाट झाला तेव्हा त्याने गिअर टाकून क्लच सोडला, हत्तीण गचका खाऊन जागी झाली.

"हे काय केलंत?" ती म्हणाली. तिची बोटं डॅशबोर्डला चिकटली होती.

"जुने ड्रायव्हर असंच करायचे. उताराला पेट्रोल कशाला जाळायचं? फुकटचा उतार आहे."

तिने फिटरला गाठलं. फिटर गाडीखालीच राहायचा, बोलायचं तरी गाडीखालूनच. "वहिनी, त्याला सांगा येडेपणा करू नको," तळातून आवाज आला. "ही नवी इंजिनं आहेत. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उताराला पेट्रोल आपोआप थांबतं. बंद करून काडीचा फायदा नाही. नुसता जीव जायचा."

तिने हे जसंच्या तसं घरी येऊन सांगितलं. नवरा जेवत होता. "फिटरला काय कळतंय?" तो म्हणाला. "इंजिन फिरतंय म्हणजे पितंय. फिरत नाही म्हणजे पीत नाही. एवढं साधं आहे."

"पण तो म्हणतो…"

"तो गाडीखाली असतो. मी गाडीत असतो."

सासू म्हणाली, "अरे, ती काय म्हणते ते ऐक तरी." त्याने ताट सारलं आणि हात धुवायला उठला. तो अर्धपोटीच उठतो हे तिच्या आताच लक्षात यायला लागलं होतं. आधी वाटलं काळजीने जेवण जात नसेल. मग कळलं, तो स्वतःचंही वजन काढत होता.

पुढची पाळी तिची होती.

डेअरीच्या फलाटावर कॅन तोलायचा मोठा काटा आहे, जमिनीलगत, लोखंडी पत्र्याचा. एका सकाळी सगळे गाडीवाले, हमाल, त्या छोट्या टेम्पोचा ड्रायव्हर, झाडून सारे तिथे असताना नवरा तिला म्हणाला, "जरा उभी राहा गं काट्यावर."

"कशाला?"

"राहा तर."

ती राहिली. काट्याचा आकडा थरथरला आणि बासष्टवर थांबला. हमाल मोठ्याने हसला. "काय रेसर, वहिनी दीड कॅन भरल्या की!" सगळे हसले. वाईट मनाने हसले असंही नाही, हसायची वेळ होती म्हणून हसले. तिने पदर सावरला आणि काट्यावरून उतरली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. नवरा हसला नाही. तो बासष्ट या आकड्याकडे स्टेपनीकडे बघावं तसा बघत होता.

"उद्यापासून तू येऊ नकोस," तो म्हणाला.

"आणि कॅन कोण चढवणार?"

"मी चढवीन."

"चालवणार पण तुम्ही, चढवणार पण तुम्ही?"

"महिनाअखेरपर्यंत. एकदा टेस्ट पास होऊ दे. मग परत तुला सीटवर बसवतो, इंजिन चालू ठेवून उतरतो, स्टेपनीपण लावतो. मग तर झालं?"

"शब्द देता?"

"आईच्या पायाची शपथ."

त्या शपथेला ती धरून राहिली. दुसरं धरायला होतंच काय?

रिकामं बसणं तिला जमणारं नव्हतं. घराशेजारी फळबाग होती, बागवाल्याला उन्हाळ्यात माणसं लागायचीच. ती खुरपणीला जायला लागली. सकाळी तो वर जाताना हत्तिणीचा आवाज यायचा, तोवर ठीक. पण तो परत यायची वेळ झाली की तिचं खुरपं थांबायचं. घाट बागेतून सरळ समोर दिसायचा, रस्ता दिसायचा नाही, झाडी दिसायची. ती कान लावून बसायची. इंजिनाचा आवाज आला असता तर जीव भांड्यात पडला असता. पण यायचा तो कॅनांचा आवाज. ठण ठण, ठण ठण, एका वळणावरून दुसऱ्या वळणावर. मध्येच तो बंद पडला की ती उठून उभी राहायची. पुन्हा वाजला की ती खुरपायला लागायची. शेजारची बाई विचारायची, "काय गं, कुणाची वाट बघतेस?" ती म्हणायची, "कुणाची नाही."

टेस्टच्या आदल्या दिवशी त्याने स्वतः मोजून बघितलं. साडेसहाला जरा कमी. तो पायरीवर बसला. हाताचे तळवे सोलून निघाले होते, एकट्याने कॅन चढवून खांदा उतरला होता, गालाची हाडं वर आली होती.

"अर्ध्याने मेलो," तो म्हणाला. एवढंच.

ती त्याच्याजवळ बसली. शब्द जुळवत म्हणाली, "मी काय म्हणते, फेरीच्या मध्ये घरी थांबताच तुम्ही पाणी प्यायला. तेव्हा टाकीत थोडंसं वरून…"

त्याने असं बघितलं की तिने वाक्य तिथेच टाकलं.

"चोरीचं ॲव्हरेज?" तो म्हणाला. "ही गाडी साऱ्या घाटात पहिली होती. तिला मी चोर करू? पुन्हा बोलू नकोस."

ती पुन्हा बोलली नाही. दुपारी परत बागेत गेली आणि बागवाल्याला म्हणाली, "आजची मजुरी पैशात नको. फवारणीच्या मशीनसाठी पेट्रोल ठेवता ना, त्यातलं द्या."

बागवाल्याने डोकं खाजवलं. "पेट्रोल? पिणार की काय?"

"घरात लागतंय."

त्याने तिच्या मजुरीएवढं पेट्रोल एका पांढऱ्या डब्यात ओतून दिलं. चार लिटर भरलं. तो डबा तिने परसात लाकडांच्या मागे लपवला.

टेस्टच्या दिवशी साहेबाने स्वतः उभं राहून टाकी गळ्यापर्यंत भरली, झाकणाला बोट लावून बघितलं. नवरा वर गेला. ती त्या दिवशी बागेत गेलीच नाही. घाटाकडे तोंड करून अंगणात उभी राहिली. इंजिन बंद करू नका म्हणून सकाळी तिने हात जोडले होते आणि तो "बघू" म्हणाला होता. त्याचं ‘बघू’ तिला पाठ होतं. झालंही तसंच. माथ्यावरून आवाज आला तो कॅनांचाच. त्या दिवशी तो रोजच्यापेक्षा जलद खाली येत होता. एका वळणावर टायर किंचाळला. तिने डोळे मिटले. मग देवदारापाशी हत्तीण गुरगुरून जागी झाली आणि तिने डोळे उघडले.

तो दारात गाडी लावून आत गेला. सासूच्या पायाशी बसला, तांब्याने घटाघटा पाणी प्यायला. सासू त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "किती रे वाळलास," म्हणत होती.

कॅनवालीने डबा काढला. टाकीच्या झाकणाची दुसरी किल्ली तिच्याकडे असायचीच. नरसाळं लावलं आणि ओतायला लागली. अर्धा डबा झाला तेव्हा हात थांबला. पुरे का एवढं? सातला किती लागतं? तो म्हणाला होता साडेसहाला कमी. पण आज वारा उलटा असला तर? आज जास्त जळलं असलं तर? थोडक्यात हुकलं तर? पाहुण्याला वाढताना पळी पातेल्यावर थांबत नाही, तसं तिचं झालं. कमी पडायला नको, म्हणून तिने डबा उपडा केला. शेवटचा थेंब आत गेल्यावर झाकण लावलं आणि तिला इतकं हलकं वाटलं की पायरीवर बसून ती स्वतःशीच हसली. झालं! उद्यापासून सीटवर.

दुपारी हत्तिणीचा हॉर्न लांबूनच वाजायला लागला. किती दिवसांनी वाजत होता! नवरा गाडी बंद न करताच खाली उडी मारून आला. त्याने आईला उचलूनच घेतलं.

"नऊ!" तो ओरडला. "आई, नऊ आलं! साहेबाने दोनदा भरून बघितलं. टेम्पोवाल्याचं तोंड बघायला पाहिजे होतं. साहेब म्हणाला, रेसर, तुम्ही जादू केली!"

नऊ ऐकून कॅनवालीच्या हातातली परात खाली आली.

"काय झालं गं?"

"काही नाही. निसटली. मग फेरी आपली ना?"

"आपली म्हणजे? वर्षभर आपली! आणि साहेब काय म्हणाला माहितेय? म्हणाला, गाडी नऊ देऊ शकते हे आता तुम्हीच सिद्ध केलंत, तर उद्यापासून पेट्रोल नऊच्या हिशेबाने मिळेल. मी म्हटलं, बिनधास्त द्या!"

नऊच्या हिशेबाने. साडेसहाची गाडी, तीही हाडं मोडून मिळवलेली, आणि पेट्रोल नऊचं.

"तुम्ही हो म्हणालात?"

"नाही म्हणू? नऊ आलं होतं डोळ्यांसमोर."

"मग आता मला कधी बसवता? इंजिन चालू ठेवून उतरायचं म्हणाला होतात."

तो जरा चाचरला. "आता कसं जमेल? नऊ टिकवायचंय. थोडे दिवस थांब. उलट वाडीच्या अलीकडे एक उतार आहे, तोही बंद करून मारता येईल असं माझ्या मनात आहे."

तेव्हा तिने सांगितलं. सगळं, सरळ, एका दमात. डबा, बागवाला, चार लिटर, नरसाळं. सांगताना रडू आलं तरी थांबली नाही. तो ऐकत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद काही उतरला नाही. मग तो हसला.

"तुला सीटवर बसायचंय ना?"

"अहो, खरं सांगते!"

"अगं, मला समजतं. तू भितेस. म्हणून असं बोलतेस."

ती परसात धावली, डबा घेऊन आली. त्याच्या नाकाशी धरला. "हा बघा. वास घ्या."

"बागवाल्याचा फवारणीचा डबा आहे हा. त्याला पेट्रोलचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येईल?"

"मग बागवाल्याला विचारा!"

आता मात्र त्याचा चेहरा बदलला. तो हळू बोलायला लागला, आणि त्याचं हळू बोलणं तिला ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं. "महिनाभर मी पोटभर जेवलो नाही. लोकांनी सायकलीवरून माझ्याकडे बघून तोंडं वाकडी केली. हात बघ माझे. आज पहिल्यांदा सगळे मला रेसर म्हणाले आणि त्यात टोमणा नव्हता. आणि ते नऊ तुझ्या डब्याचं? माझं काहीच नाही त्यात? बोल ना. काहीच नाही?"

त्याचे सोललेले तळवे तिच्यासमोर पसरलेले होते. हे आता कुणाला सांगायचं? साहेबाला? साहेबाला कळलं तर हा चोर ठरणार, टेम्पो त्याच दिवशी घाट चढणार. नवऱ्याला पटलं तर हा मोडणार. नाही पटलं तर हा उतारावर मरणार. रिकामा डबा तिने परत लाकडांच्या मागे नेऊन ठेवला. तो गाडी पुसायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल डेअरीच्या अलीकडेच संपलं. त्याने पदरचं घातलं. दोष वाऱ्याला दिला. तिसऱ्या दिवशीही संपलं. दोष स्वतःच्या पायाला दिला आणि हत्तिणीचा मागचा फाळका काढून टाकला. लोखंडी, जड फाळका. आता कॅन नुसत्या दोरीने बांधलेले. आणखी कमी पडलं तेव्हा पान्हा घेऊन तो शेजारच्या सीटच्या नटांना भिडला, तिच्याच सीटच्या. एक नट गंजून बसला होता. "जरा टॉर्च धर गं," तो म्हणाला. तिने धरला. सीट निघाली, अंगणात स्टेपनीजवळ जाऊन पडली. जिथे ती बसायची तिथे आता पत्रा दिसत होता आणि त्याला चार भोकं होती.

पुढे काय निघेल? दार निघेल. मग समोरची काच निघेल. मग काही उरणार नाही तेव्हा तो माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकदाही ब्रेकला पाय लावणार नाही, कारण ब्रेक लावला की वेग मरतो आणि मेलेला वेग परत आणायला पेट्रोल लागतं. हे त्याने स्वतःच तिला समजावून सांगितलं होतं, मोठ्या उत्साहाने.

तेव्हा ती पुन्हा बागवाल्याकडे गेली.

"रोज पाहिजे," ती म्हणाली. "चार लिटर. पैसा नको."

"अगं, सगळी मजुरी त्यातच जाईल."

"जाऊ दे."

"एवढं करता काय तुम्ही पेट्रोलचं?"

"हत्तीण पोसतो," ती म्हणाली. बागवाला हसला. ती हसली नाही.

त्या दिवसापासून हत्तिणीला पेट्रोल पुरायला लागलं. नवरा खुशीत होता. आपल्या पायाला आता अंदाज आला, नवा उतारही बंद करून मारल्याचा गुण आला, असं तो ज्याला त्याला सांगायचा. दोन टेम्पोवाले त्याच्याकडे शिकायला येऊन गेले. तो काही काढायचं मात्र थांबला, दार राहिलं, काच राहिली. तिने तेवढंच मिळवलं. ती दिवसभर बागेत वाकायची, संध्याकाळी डबा घेऊन यायची, दुसऱ्या दिवशी खुरपणीतून अर्धा तास सुटून घरी धावायची आणि घाटाकडे कान लावायची. ठण ठण, ठण ठण. कॅनांचा आवाज तिच्या अंगात इतका भिनला होता की घरात भांडं पडलं तरी ती दचकून दाराकडे बघायची.

एकदा तो दारात गाडी लावून आत आला. ती परसातून डबा घेऊन निघाली, तर सासू वाटेतच उभी. दाराच्या चौकटीला धरून, मिटल्यासारखे डोळे तिच्याकडे लावून.

"थांब," सासू म्हणाली.

कॅनवाली थांबली. डबा पदराखाली घेतला.

"लपवू नकोस. डोळे गेलेत, नाक आहे मला. किती दिवस झाले तुझ्या हातांना वास येतोय. त्या दिवशी तू रडून सांगत होतीस ना, तेही मी ऐकलं होतं."

"मग तुम्ही त्यांना सांगा ना, आई! तुमचं ऐकतील."

"सांगितलं. सकाळी पायाशी बसला होता तेव्हा सांगितलं. म्हणाला, तुला म्हातारीला काय कळतंय, तिने पढवलं असेल." सासूचा हात चौकट सोडून चाचपडत पुढे आला, डब्यावर पडला, मग सुनेच्या मनगटावर. मनगट तिने घट्ट धरलं. "किती आहे यात?"

"चार लिटर."

"पुरतं?"

"पुरतं."

"सांडू नकोस." सासूने मनगट सोडलं. "जा, ओत. मी त्याला आत धरून ठेवते."

ती वळून भिंतीला धरत आत गेली. कॅनवालीने झाकण उघडलं, नरसाळं लावलं. आतून सासूचा आवाज आला, "अरे, जरा बस माझ्यापाशी. आज गुडघा फार ठणकतोय, चोळून दे." आणि मग नवऱ्याचा, हसरा, "आई, आजपण पुरणार बघ! आज तर थोडं उरेलसुद्धा."

तिने डबा तिरका केला आणि पेट्रोल हळूहळू टाकीत जाऊ दिलं.